शेडचं ड्रॉइंग आहे, मशीनची यादी आहे. मग लेआउटसाठी शॉपवर येऊन उभं राहायची गरज काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत भाड्याच्या गाळ्यात मशिनिंगचं युनिट चालू आहे. चाकणच्या बाजूला स्वतःची मोठी शेड तयार होते आहे आणि सगळं तिकडे हलवायचं आहे. आर्किटेक्टचं ऑटोकॅड ड्रॉइंग, मशीनची यादी, रूट कार्डं (पार्टवर क्रमाने होणाऱ्या कामांची यादी), सायकल टाइम (एका नगाला मशीनवर लागणारा वेळ) असं सगळं हाताशी आहे. लीन लेआउट, म्हणजे फुकटची हालचाल आणि साठा टाळणारी मशीनची मांडणी, करून देणारे म्हणतात, आधी चालू शॉपवर दोन-तीन दिवस आणि नव्या शेडवर एक दिवस येऊ, त्याचे पैसे वेगळे. हे खरंच लागतं, की बिल फुगवायचा प्रकार आहे? व्हिडिओ कॉलवर भागणार नाही का?

लागतं. बिल फुगवणारेही आहेत, त्यांना ओळखायचं कसं ते पुढे लिहितो.

ड्रॉइंगवर मशीन दिसतं, माल दिसत नाही. शॉपमधली जागा कशाने अडली आहे असं मालकाला विचारलं की तो मशीनकडे हात करतो. दोन मशीनच्या मधल्या क्रेटकडे करत नाही, कारण ते ‘तात्पुरते’ ठेवलेले असतात. हे तात्पुरते क्रेट नव्या शेडच्या ड्रॉइंगवर कुठेच नसतात आणि शिफ्टिंगनंतर आठवड्याभरात गँगवेमध्ये, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेत, येऊन बसतात. माल कुठून कुठे जातो, कुठे थांबतो आणि त्यापायी माणूस किती चालतो, यावर लेआउट ठरतो. यातलं काहीच आर्किटेक्टच्या फाइलमध्ये नाही.

रूट कार्डात असेल, असं तुम्ही म्हणाल. कपलिंग फ्लँजचं (शाफ्ट जोडायच्या गोल भागाचं) रूट कार्ड घेऊ. दोन्ही बाजूंचं टर्निंग, स्प्लाइन ब्रोचिंग (भोकाच्या आत खाचा पाडणं), व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या ड्रिलिंग-मिलिंगच्या मशीनवर) ड्रिलिंग-टॅपिंग, डिबरिंग (धारदार कडा साफ करणं), वॉशिंग, फायनल इन्स्पेक्शन, पॅकिंग. ब्रोचिंगपुढे ‘आउटसोर्स’ असं लिहिलेलं असतं. लेआउट काढणारा ते वाचतो आणि त्या ऑपरेशनला शून्य जागा देतो, कारण मशीन आपल्याकडे नाहीच.

आता शॉपवर या. टर्निंग झालेला माल शटरजवळ साठत जातो, कारण अर्ध्या टेम्पोचं भाडं कुणालाच परवडत नाही. छोटा हत्ती भरेल एवढा माल जमला की चलन बनतं आणि माल जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो परत येतो, त्याच शटरमधून. येताना टर्निंगचा नवा लॉट तिथे उभा असतोच. इनवर्डची तपासणी व्हायची असते, तोवर आलेला माल खाली उतरवून ठेवायला जागा हवी. म्हणजे ज्या ऑपरेशनला कागदावर जागाच नाही, त्यालाच शटरपाशी सगळ्यात जास्त जागा लागते, आणि ती जायच्या आणि यायच्या मालासाठी वेगवेगळी लागते. एकत्र ठेवलं की ब्रोचिंग न झालेला नग व्हीएमसीवर चढतो. हे होतंच, लेबल लावूनही होतं.

इथे सगळा लेआउट उलटतो, म्हणून या मुद्द्यावर जरा थांबतो. नवी लांबट शेड मिळाली की बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र येतं: एका टोकाला कच्चा माल आत, दुसऱ्या टोकाने डिस्पॅच बाहेर, मध्ये सरळ रेषा. ड्रॉइंगवर छान दिसतं, कस्टमरच्या ऑडिटरलाही आवडतं. पण ज्या पार्टचं तिसरं ऑपरेशन बाहेर होतं, तो शेडच्या मधोमध असताना बाहेर कुठून जाणार? मागे आला तर कच्च्या मालात घुसतो, पुढे गेला तर डिस्पॅचमध्ये. तुमच्या बऱ्याच पार्टना मधेच जॉबवर्क (बाहेरून करून घ्यायचं काम) असेल तर मालाचं येणं-जाणं एकाच बाजूला ठेवून आत यू आकाराने फिरवलेला प्रवाह अनेकदा जास्त सोयीचा पडतो. अशा शेडमध्ये दुसऱ्या टोकाला शटर बसवायचा खर्चही वाचतो. पण किती पार्ट बाहेर जातात, कितीदा जातात, परत आल्यावर किती वेळ पडून राहतात, हे शटरपाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. चलनबुकात तारखा सापडतील. माल जमिनीवर किती चौरस फूट अडवून बसला होता ते सापडणार नाही.

सायकल टाइमचं तसंच. समजा त्या फ्लँजचे रोज ४३० नग द्यायचे आहेत. दोन शिफ्ट, जेवण आणि चहा वजा जाता प्रत्येकी ४३० मिनिटं, म्हणजे दिवसाची ८६० मिनिटं. दर १२० सेकंदांना एक नग बाहेर पडायला हवा. लीनमध्ये याला टॅक्ट टाइम म्हणतात. रूट कार्डावर व्हीएमसीचा सायकल टाइम ९५ सेकंद, लोडिंग-अनलोडिंग २० सेकंद. एकूण ११५. एक व्हीएमसी पुरेशी, असं एक्सेल सांगतं.

मशीनसमोर उभं राहून बघितलं की आणखी दोन गोष्टी दिसतात. प्रत्येक नग काढल्यावर ऑपरेटर फिक्श्चरच्या (नग पकडून ठेवणाऱ्या साच्याच्या) पॅडवरची चिप, म्हणजे धातूचा कीस, एअर गनने उडवतो, ९ सेकंद. ती उडवली नाही तर पुढचा नग तिरका बसतो, म्हणजे हे काम टाळण्यासारखं नाही. आणि दर पाचव्या नगाला तो गेज टेबलकडे जातो, मोजतो, शीटवर लिहितो, परत येतो. ४० सेकंद मशीन उभं. नगामागे ८ सेकंद पडले. बेरीज १३२. ५१,६०० सेकंदांना १३२ ने भागा, दिवसाचे ३९० नग निघतात. रोज ४० कमी. मग ओव्हरटाइम, सुट्टीच्या दिवशी काम, आणि ‘अजून एक व्हीएमसी घेऊ’.

हाच गेज व्हीएमसीच्या दाराशेजारी हाताच्या अंतरावर आणला आणि मशीन चालू असताना मोजायची सवय लावली, तर ते ८ सेकंद गेले. फिक्श्चरवर कूलंटचा फवारा नीट वळवला तर एअर गनचेही बरेचसे जातात. मग गाडी १२० च्या आत येते. एका मशीनचे पैसे आणि जागा वाचते की नाही हा निर्णय एका गेज टेबलवर येऊन ठेपला, आणि गेज टेबल मशीनच्या यादीत नसतं.

शॉपवर आल्यावर आणखी एक काम करतो ते म्हणजे डिस्पॅचपासून उलटं चालत जाऊन माल मोजणं. पॅक झालेले, इन्स्पेक्शनला थांबलेले, वॉशिंगच्या आधीचे, मशीनच्या डाव्या-उजव्या बाजूचे, टेबलाखालचे, रीवर्कचे, सगळे. समजा २,१५० नग निघाले. रोजचे ४३० जातात, म्हणजे शॉपमध्ये पाच दिवसांचा माल आहे. हे भागाकाराचं सूत्र अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलं. आपल्याला भागाकार पुरे. एका नगावर सगळ्या मशीनचं मिळून काम दहा मिनिटांच्या आत आहे आणि तो शॉपमध्ये पाच दिवस बसतो. नव्या शेडमध्ये त्या पाच दिवसांना जागा द्यायची की ते दोनवर आणायचे, हे आधी ठरवावं लागतं. ईआरपीतला (कंपनीच्या संगणकातल्या नोंदींचा) आकडा इथे कामाचा नसतो, कारण ऑपरेशन संपल्याची नोंद बहुतेक ठिकाणी शिफ्टच्या शेवटी एकदम मारतात.

आता माणसांबद्दल. टोयोटामध्ये या पद्धतीचा पाया घालणारे ताईची ओहनो जमिनीवर खडूने वर्तुळ काढून इंजिनिअरला त्यात उभं करायचे आणि काय दिसतं ते बघायला सांगायचे, ही गोष्ट लीनच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकवतात. त्यापेक्षा कामाची गोष्ट त्यांच्या मशीन शॉपची आहे. १९४७ च्या सुमारास त्यांनी तिथे मशीन समांतर आणि एल आकारात लावून एका कामगाराला तीन-चार मशीन सांभाळायला द्यायचा प्रयोग केला. जुन्या कारागिरांनी विरोध केला. शिवाय काम संपल्यावर मशीन आपोआप थांबत नव्हती आणि मध्येमध्ये इतकं ॲडजस्टमेंट लागायचं की नवख्याला झेपेना. कागदावर मशीन जवळ आणणं सोपं होतं, अडचणी चालवताना पुढे आल्या. आजही दोन सीएनसी समोरासमोर लावून ‘एक ऑपरेटर दोन मशीन’ असं ड्रॉइंगवर लिहिणारे भेटतात. त्यातल्या एका मशीनवर दर दहा मिनिटांनी ऑफसेट (टूल झिजल्यामुळे मापातली दुरुस्ती) द्यावा लागतो, हे त्या ऑपरेटरला सोडून कुणाला ठाऊक नसतं.

म्हणून विचारावं लागतं, आणि विचारायचीही रीत आहे. पहिल्याच दिवशी स्टॉपवॉच घेऊन उभं राहिलं की लोक एक तर भराभर हात चालवतात किंवा मुद्दाम हळू. कंत्राटी पोरांना वाटतं माणसं कमी करायला आलेत. सुपरवायझरने आधी सगळ्यांना एकत्र करून स्पष्ट सांगायला हवं की नवीन जागेसाठी बघतोय. मग पहिला दिवस नुसतं बघायचं, शॉपचा नकाशा पॅडवर लावून एकेका ट्रॉलीचा आणि माणसाचा रस्ता पेन्सिलने काढत जायचा. याला स्पॅगेटी डायग्राम म्हणतात. दुपारपर्यंत कागद काळा होतो. बोलणं चहाच्या वेळी.

एका शॉपमध्ये भरलेले क्रेट वॉशिंग मशीनपासून पंधरा-वीस पावलं अलीकडे, भलत्याच कोपऱ्यात उतरवलेले दिसायचे. सुपरवायझरच्या मते हा शिस्तीचा प्रश्न होता. तिथे पिवळे पट्टे मारले होते, बोर्ड लावला होता. तिथल्या वयस्कर हेल्परना विचारलं, “मामा, क्रेट इथंच का उतरवता?” ते म्हणाले, “साहेब, पुढं नालीच्या झाकणात चाक अडकतंय. भरल्याली ट्रॉली मागं वढायला दोन माणसं लागत्यात. इथनं हातानं नेलेलं बरं.” नालीचं झाकण जमिनीच्या बोटभर वर होतं. ड्रॉइंगवर ती नाली एक तुटक रेघ होती. नव्या शेडमध्येही आर्किटेक्टने कूलंटची नाली वॉशिंगच्या वाटेत आडवीच घेतली होती. ती भिंतीकडे सरकवली. काँक्रीट पडायच्या आधी सरकवायला खर्च आला नाही.

कधी यायचं हेही महत्त्वाचं. बरेच मालक अशा भेटीला गुरुवारी बोलावतात. भोसरीत त्या दिवशी सुट्टी, प्रॉडक्शनला अडथळा नको, निवांत बोलता येईल. निवांत बोलता येतं खरं, पण दिसतं ते बंद शॉप, म्हणजे पुन्हा ड्रॉइंगच. एक दिवस महिन्याच्या मधला घ्या आणि एक शेवटच्या आठवड्यातला, डिस्पॅचची झुंबड असतानाचा. दोन्ही दिवसांची जागेची गरज वेगळी असते. आणि रात्रपाळीचे किमान दोन-तीन तास. रात्री स्टोअरला कुलूप असतं, म्हणून ऑपरेटर इन्सर्ट (टूलची बदलायची पाती) आणि ड्रिल आपापल्या मशीनच्या मागे डब्यात दडवून ठेवतात. त्यांना रागवायला जाऊ नका. कुठली टूल मशीनपाशीच हवीत याची तयार यादी त्या डब्यांमध्ये मिळते.

नव्या शेडवरचा दिवस वेगळ्या कारणासाठी लागतो. मशीनच्या कॅटलॉगमधली लांबी-रुंदी घेऊन चौकोन मांडले जातात, पण कूलंट टँक साफ करायला मागे किंवा बाजूला ओढावा लागतो, चिप कन्व्हेयर बाहेर काढावा लागतो, इलेक्ट्रिकल पॅनेलचं दार पूर्ण उघडावं लागतं, बार फीडर (लांब सळई मशीनमध्ये सरकवणारं यंत्र) असेल तर त्याची लांबी वेगळीच. हे सगळं कॉलमच्या मध्ये येतं का ते टेप लावून बघावं लागतं, कारण प्रत्यक्षातले कॉलम आणि त्यांचे पेडेस्टल ड्रॉइंगपेक्षा इंच-दोन इंच इकडेतिकडे निघतात. शटर नैर्ऋत्येला असेल तर पावसाळ्यात झड थेट आत येते. कच्च्या मालाचे रॅक तिथे ठेवले की गंजाची तक्रार सुरू. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि इन्स्पेक्शन रूम त्या भिंतीला लावलेली असेल तर एसी बिचारा दिवसभर भांडत राहणार. शेजारच्या प्लॉटवर प्रेस शॉप किंवा फोर्जिंगचा हॅमर असेल तर ते पायांना कळतं. कुठल्याही ड्रॉइंगवर शेजारी नसतो. आणि गेटमधून मोठा ट्रक एका दमात वळतो का, की रस्त्यावर मागेपुढे करत राहतो, हे प्रत्यक्ष गाडी आणून बघावं.

उंच शेड म्हणजे भरपूर जागा असाही एक समज आहे. १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये माणशी १४.२ घनमीटर जागेचं माप दिलं होतं आणि ते मोजताना जमिनीपासून ४.२ मीटरच्या वरची उंची धरलेली नव्हती. लेआउटच्या दृष्टीनेही तेच खरं. माणूस, ट्रॉली आणि क्रेट जमिनीवरच फिरतात; वरची उंची क्रेन, हवा आणि प्रकाशाच्या कामाची.

व्हिडिओ कॉलबद्दल. नव्या शेडची पहिली ओळख करून घ्यायला, मधल्या शंका विचारायला तो चांगला आहे. एखाद्या ऑपरेशनचं, ऑपरेटरला सांगून केलेलं रेकॉर्डिंग नंतर संथ करून बघायला फारच उपयोगी पडतं. पण कॅमेरा धरणारा माणूस त्याला जे दाखवण्यासारखं वाटतं तेच दाखवतो. टेबलाखालचे रीवर्कचे नग तो दाखवत नाही. लपवतो असं नाही, त्याला ते दिसतच नाहीत. रोज बघून डोळे सरावलेले असतात.

सगळीकडे एवढं लागतं असंही नाही. आहे त्याच लाइनची हुबेहूब दुसरी लाइन टाकायची असेल, किंवा दोन मशीन वाढवायची असतील, तर तुमच्याच प्रॉडक्शन इंजिनिअरने टेप आणि पॅड घेऊन एक दिवस काढला तरी पुरे. उलट टूल रूम किंवा डाय-मोल्डचं काम असेल, जिथे दर जॉब नवा, तिथे तीन दिवस उभं राहून फक्त ते तीन दिवस दिसतात. अशा ठिकाणी गेल्या सहा-आठ महिन्यांची जॉब कार्डं काढून कुठल्या मशीनवरून कुठल्या मशीनवर किती फेऱ्या झाल्या हे आधी मांडावं लागतं. डोळ्यांनी बघणं त्याच्यानंतर. कारखान्याच्या मांडणीचे अमेरिकी तज्ज्ञ रिचर्ड मुथर यांची कुठला विभाग कुणाच्या शेजारी हवा हे तक्त्याने ठरवायची पद्धत जुनी आहे, पण टूल रूमला अजून लागू पडते. तिथे यू सेलचा (यू आकारात लावलेल्या मशीनचा) आग्रह धरणाऱ्यापासून जरा लांबच राहा. तुमच्यासारख्या युनिटला, जिथे दहा-बारा पार्ट सतत चालतात आणि बाकीचे अधूनमधून, दोन्ही लागतं: चालणाऱ्या पार्टसाठी डोळे, बाकीच्यांसाठी कागद.

बिल फुगवणारा ओळखायचा तर भेटीनंतर काय हातात देणार ते आधीच विचारा. फोटो आणि ‘निरीक्षणं’ असलेलं प्रेझेंटेशन देणार असेल तर ते पैसे वाचवा. तुमच्या मुख्य पार्टचे प्रत्यक्षातले मार्ग अंतरासकट, प्रत्येक ठिकाणी मोजलेला माल, ऑपरेटरच्या कामाची सेकंदांतली फोड, नव्या शेडमधल्या अडथळ्यांची टेपने घेतलेली मापं, आणि यावरून निघालेले निदान दोन-तीन वेगवेगळे लेआउट, त्यात प्रत्येकाचं काय सुटतं आणि काय बिघडतं ते लिहिलेलं, एवढं मिळायला हवं. एकच लेआउट घेऊन येणारा बहुतेकदा तो आधीच ठरवून आलेला असतो. शॉपवर येऊन तुमच्या केबिनमध्येच जास्त वेळ बसणारा असेल तर दुसऱ्या दिवशी बोलावूच नका.

आणि करारात आणखी एक गोष्ट घाला: लेआउट पक्का करायच्या आधी नव्या शेडच्या जमिनीवर चुन्याने किंवा मास्किंग टेपने खऱ्या मापात आखणी. मशीनच्या जागी पुठ्ठ्याचे खोके, आणि तुमचीच भरलेली ट्रॉली घेऊन दोन ऑपरेटर, एक हेल्पर आणि मेंटेनन्सचा माणूस तिथे फिरवा. अर्ध्या दिवसात पाच-सहा बदल निघतात. मेंटेनन्सवाला पॅनेलचं दार कुठे आपटतं ते सांगतो, हेल्पर ट्रॉली कुठे वळत नाही ते. खोके सरकवायला दोन मिनिटं लागतात. अँकर केलेलं मशीन, केबल ट्रे आणि एअर लाइन सरकवायला काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे.

माणसं यायच्या आधी तुम्ही एवढंच करा. गेल्या सहा महिन्यांचा पार्टवार डिस्पॅच आणि जॉबवर्कची चलनं काढून ठेवा. शॉपची साफसफाई करू नका, क्रेट आहेत तिथेच राहू द्या. पाहुणे येणार म्हणून आवरलेलं शॉप त्यांच्या काहीच उपयोगाचं नाही. आणि नव्या शेडचं ट्रिमिक्स (काँक्रीटची फरशी) व बसबारचं (मुख्य वीजवाहिनीचं) काम त्यांची भेट होईपर्यंत थांबवून ठेवायला कॉन्ट्रॅक्टरला आजच सांगा. तो कुरकुर करेल, पण ऐकू नका.